शनिवारचा पडताळा

तुम्ही म्हणता, "दत्तोपंत, कॅमेऱ्याच्या दुकानातला एखादा किस्सा सांगा की!" अहो, एखादा कसला? गव्हाच्या पोत्याला एक भोक पडलं की दाणा एकटा बाहेर येतो होय? एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागनं चार येतात, आणि मग आमची मंडळी आतनं ओरडतात, "पुरे की हो आता!" पण विषय तुम्ही काढलात. आता भोगा!

दुकान हुबळीत, दुर्गदबैल पेठेच्या तोंडाशी. एका बाजूला कापडवाला, दुसऱ्या बाजूला खिळे-बिजागरीवाला, मधे आम्ही. मालक अण्णा. त्यांना पूर्ण नाव होतं, पण ते पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी. घर दुकानाच्या मागंच, मधे नुसता पडदा. आणि तिसरा मी. कारकून मी, डार्करूमवाला मी, आणि अण्णांच्या शिव्या खायलाही मीच! "कत्ते!" ही त्यांची लाडकी शिवी. कत्ते म्हणजे कानडीत गाढव. चूक कुणाचीही असो, कत्ते मीच.

अण्णांकडं एका जर्मन कॅमेरा कंपनीची एजन्सी होती. माल मुंबईच्या ऑफिसातनं तारेनं मागवायचा. तारेत शब्दागणिक आकार, म्हणून कंपनीनं प्रत्येक वस्तूला पाच इंग्रजी अक्षरांचा एक कोडवर्ड दिला होता. तीन पायांचा स्टँड म्हणजे 'वालेक'. पिवळा फिल्टर म्हणजे 'डुबिन'. लेन्सचं झाकण म्हणजे 'नोकुस'. कॅटलॉगभर असले शब्द, आणि अण्णांना सगळे तोंडपाठ! माणूस देवाला एक वेळ विसरेल, कोड विसरायचा नाही.

* * *

धारवाडच्या देसाई वकिलांनी एकदा पिवळा फिल्टर मागवला. अंगठ्याएवढी काच, फार काय! अण्णा बाहेरगावी होते. तार मी केली. आणि डुबिनच्या जागी लिहिलं 'झुकोम'.

तीन आठवड्यांनी स्टेशनवरनं बैलगाडी आली. गाडीत माझ्या छातीएवढी लाकडी पेटी. झुकोम म्हणजे फोटो मोठे करायचं मशीन!

वकीलसाहेब फिल्टर न्यायला नेमके त्याच दिवशी हजर. पेटीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "दत्तोपंत, हे लेन्सला लावायचं, की मी आत बसायचं?"

हसण्यावारी गेलं असतं, पण मुंबईचं पत्र आलं. ऑर्डरीतली ही दुसरी चूक. तिसरी झाली की एजन्सी काढून घेणार! पहिलीही माझीच होती, हे सांगायला नको. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. त्यांचा सगळा जीव त्या एजन्सीत. रेल्वे वर्कशॉपची बरी चाललेली नोकरी सोडून, सासऱ्याची बोलणी खाऊन त्यांनी ती मिळवली होती.

तिसऱ्या दिवशी पडद्यामागनं आवाज आला, "तार जायच्या आधी मला वाचून दाखवत जा."

अण्णा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल की! दत्तूभावजींना कळतं, मग मला का नाही?"

वहिनींचं शिक्षण मराठी तिसरी. पण त्यांनी जुना कॅटलॉग घेतला, तो तांदूळ निवडायच्या सुपाशेजारी ठेवला, आणि दोन महिन्यांत इंग्रजी अक्षरांसकट सगळा घोटला. इंग्रजी त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. कॅटलॉग आला.

तेव्हापासनं शनिवारचा पडताळा सुरू झाला. दर शनिवारी दुपारी चार वाजता अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे. वहिनी मी लिहिलेली यादी हातात घेऊन वस्तू आणि कोड म्हणायच्या. "तीन पायांचा स्टँड, वालेक." बरोबर असलं की अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "हूं." चुकलं तर डोळे उघडायचे आणि बरोबर शब्द सांगायचा, असं ठरलं होतं. माझी चूक असली तर वहिनी ती आधीच हेरायच्या आणि बरोबर करूनच वाचायच्या. त्यामुळं चौदा वर्षांत अण्णांना डोळे उघडायची पाळी आली नाही.

* * *

या शब्दांचा अर्थ काय, यावर आमच्या दुकानात जेवढा वाद झाला तेवढा कौन्सिलात झाला नसेल. संध्याकाळी मंडळी जमायची. देसाई वकील म्हणायचे, हे लॅटिन. आमचे जोशी मास्तर संस्कृतचे. ते म्हणायचे, "छे! सगळं आपलंच आहे. वालेक म्हणजे वलय. तिकडं गेलं आणि बिघडलं."

"अहो, पण स्टँडला वलय कुठं असतं?" मी विचारलं.

"पाय फिरवून लावता ना? मग!"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात नवल? आम्हा बायकांचं नाही का तसंच? माहेरी एक नाव, सासरी एक नाव. अर्थ कोण विचारतंय? हाक मारली की कामाला यायचं."

अण्णा मात्र हट्टाला पेटले. त्यांनी थेट जर्मनीला पत्र घातलं. पाच महिने गेले. मंडळी विसरली, अण्णा विसरले नाहीत. रोज पोस्टमनला विचारायचे. शेवटी पत्र आलं. देसाई वकिलांनी सगळ्यांपुढं वाचलं. कंपनीनं नम्रपणे कळवलं होतं की या शब्दांना कुठल्याही भाषेत काही अर्थ नाही. मुद्दाम बिनअर्थाचे बनवलेत. कुणाच्याही जिभेवर बसावेत, आणि तारेत एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं तरी एका वस्तूचा शब्द दुसरीचा होऊ नये, एवढ्याचसाठी.

अण्णा खुर्चीतनं उठलेच! "बघा! अर्थच नाही, म्हणून तर चुकायला निमित्त नाही! दत्तू, ऐकलंस? कत्ते!"

जोशी मास्तरांनी शांतपणे चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "कंपनीला माहीत नसेल."

* * *

वहिनी तांदूळ निवडताना कोड पुटपुटायच्या. शेजारच्या अंबक्कांनी ते रोज भिंतीपलीकडनं ऐकलं, आणि एका शुक्रवारी हळदीकुंकवाला आल्या त्या हात जोडूनच.

"वहिनी, ते रोजचं म्हणता ते मलाही शिकवा की. नातवाचा खोकला काही केल्या जाईना."

वहिनी म्हणाल्या, "अय्यो अंबक्का, ते स्तोत्र नव्हे हो! फिल्टर आणि झाकणं आहेत ती."

अंबक्का कसल्या ऐकतात! त्यांना वाटलं, वहिनी मुद्दाम लपवतात. त्यांनी ऐकून ऐकून पाच-सहा शब्द पाठ केले आणि नातवाच्या उशाशी म्हणायला लागल्या. आठ दिवसांनी खोकला गेला. आल्या नारळ घेऊन!

वहिनींना खोटेपणा अगदी खपायचा नाही. त्यांनी पडदा सारला, अंबक्कांना दुकानात आणलं, लेन्सचं झाकण हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे बघा, हे नोकुस. बाकीची पण दाखवते."

अंबक्कांनी झाकण उलटंपालटं करून बघितलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "असू दे हो. गुण आला की नाही?"

* * *

अळणावरकडचा बसप्पा शेतकरी. बैलजोडीचा फोटो काढायला आला होता. बैल रस्त्यात उभे, सगळी दुर्गदबैल गोळा झालेली, आणि अण्णा आतनं मला ओरडून सांगताहेत, "दत्तू, वालेक आण! डुबिन आण!" बसप्पाला ते शब्द फारच आवडले. त्यानं बैलांना तीच नावं ठेवली.

वर्षभरानं आम्ही बैलबाजाराला गेलो होतो. लांबनं हाक ऐकू आली, "होय वालेक! हय्या डुबिन!" मला हसू आवरेना. अण्णा मात्र गर्दी सारत पुढं गेले.

"बसप्पा, यातला डुबिन कुठला?"

"हा की, पांढरा."

"आणि हा पिवळसर?"

"तो वालेक."

"चूक! साफ चूक! डुबिन म्हणजे पिवळा फिल्टर. पिवळ्याला डुबिन म्हण, पांढऱ्याला वालेक!"

बसप्पानं कपाळाला हात लावला. "अण्णा, वर्ष झालं. आता बैलांना कसं सांगू?"

"ते तू बघ! माझ्या दुकानातनं शब्द नेलास ना? मग नीट वापर!"

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "अण्णा, बैल आहेत ते. जाऊ द्या की!" अण्णा गाडीत माझ्याकडं पाठ करून बसले. पुढं दिवाळीला बसप्पा लोणी घेऊन आला आणि दारातनंच म्हणाला, "अण्णा, नावं तीच ठेवलीत. बैल बदललेत!"

* * *

सत्याग्रहाचे दिवस होते. आमची तार कुणाच्यातरी डोळ्यांवर आली. 'वालेक सहा, डुबिन चार, नोकुस बारा.' कुणालाही संशय यावा असलंच ते! फौजदार तारेची नक्कल घेऊन दुकानात आले, आणि अण्णांना आणि मला चौकीवर घेऊन गेले. सोबत पुरावा म्हणून एकेक वस्तू.

फौजदार माणूस बरा होता. वस्तू बघितल्या, कॅटलॉग बघितला, त्याची खात्री पटली. जबाब लिहिला आणि पुढं केला. "करा सही, आणि जा घरी."

अण्णांनी वाचला आणि टाक खाली ठेवला. "झाकणाचा कोड चुकलाय. तुम्ही टोरमा लिहिलंय. टोरमा म्हणजे चामड्याची केस. झाकण म्हणजे नोकुस."

"अहो, काय फरक पडतो?"

"काय फरक पडतो? चुकीच्या कोडवर सही? हात तोडून घ्या, नाही करायचा!"

फौजदारही इरेला पेटला. सरकारी कागदात खाडाखोड नाही म्हणजे नाही! दुपारचे बारा वाजले, चार वाजले. मी पाया पडलो, "अण्णा, करा सही. घरी वहिनी वाट बघत असतील." तर मलाच "कत्ते!"

दिवेलागणीला वहिनी डबा घेऊन आल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता बाईमाणूस समजूत घालणार. त्यांनी डबा ठेवला, जबाब मागून घेतला, उजेडाकडं धरून सावकाश वाचला. मग फौजदाराला म्हणाल्या, "साहेब, फिल्टरचा पण चुकलाय."

फौजदारानं कागद फाडला, कोरा कागद अण्णांपुढं सरकवला आणि म्हणाला, "तुम्हीच लिहा बाबा!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मला मधे थांबवू नका.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा पावसाळा. अण्णा सकाळी दुकान उघडताना कोसळले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली. धारवाडचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. म्हणाले, हात जरा हलेल, बोलण्याचं सांगता येत नाही. पाणी हवं तर डाव्या बोटानं खूण करायचे. मला तर बघवायचं नाही. डार्करूमचं दार लावून मी लहान पोरासारखा रडलोय. इतक्या वर्षांच्या शिव्या, आणि आता एक कत्ते ऐकायला कान आसुसले!

वहिनी रडल्या नाहीत. निदान माझ्यापुढं नाहीत. पहिल्याच शनिवारी चार वाजता त्यांनी अण्णांची आरामखुर्ची दुकानात आणवली, अण्णांना आम्ही दोघांनी धरून बसवलं, आणि त्यांनी यादी हातात घेतली.

"तीन पायांचा स्टँड, वालेक."

अण्णांनी डोळे मिटले होते. ऐकताहेत की झोपलेत, कळायला मार्ग नाही. वहिनी हूं येईल एवढा वेळ थांबल्या. हूं आलं नाही. मग पुढची वस्तू वाचली. परत थांबल्या. अशी सगळी यादी!

आठ महिने दर शनिवारी हेच. एकही शनिवार चुकला नाही, एकही ऑर्डर चुकली नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुम्हाला तर सगळं येतं. त्यांना कशाला त्रास?" तर म्हणाल्या, "पडताळा दोघांचा असतो."

मग मुंबईहून पत्र आलं. मालक आजारी असल्याचं कळलं, कंपनीचा माणूस बघायला येईल, मालक काम करू शकत नसेल तर एजन्सी दुसऱ्याला द्यावी लागेल. कुणी कळवलं, ते आम्हाला ठाऊक होतं. शेजारचा कापडवाला महिनाभर येता-जाता म्हणत होता, "अण्णांनी आता आराम करावा."

वहिनी मला म्हणाल्या, "दत्तूभावजी, पोटाचं कसंही बघू. मी पापड लाटीन. पण एजन्सी गेली असं कानावर पडलं, तर हे त्या खुर्चीतनं उठायचे नाहीत. ती जाऊ द्यायची नाही. झालं!"

मुंबईचे दळवीसाहेब शनिवारीच आले. स्वभावानं गोड, पण हातात छापील फॉर्म. कापडवाला पण दारात येऊन उभा राहिला, सहज आल्यासारखा! साहेबांनी कॅटलॉग उघडून वहिनींना विचारायला सुरुवात केली. अमुक काय, तमुक काय. वहिनींनी धडाधड सांगितलं. साहेब पान शोधेपर्यंत वहिनींचं उत्तर तयार!

साहेबांनी कॅटलॉग मिटला. "बाई, मानलं तुम्हाला. आमच्या ऑफिसात असा एक माणूस नाही. पण फॉर्म मालकाचा आहे. मालक कामावर आहेत का, एवढंच मला लिहायचंय." मग अण्णांकडं वळून मोठ्यांदा विचारलं, "काय अण्णा, ओळखलंत का? स्टँडचा कोड काय?"

अण्णा बघत राहिले. ओठ हलले नाहीत.

साहेबांनी दोनदा विचारलं. मग हळूच फाउंटन पेनचं टोपण काढलं. कापडवाल्यानं दारातनं एक पाय आत टाकला. वहिनी आता पदर पसरतील असं मला वाटलं.

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "साहेब, चार वाजले. आज शनिवार, तार जायचीय. पडताळा होऊ द्या, मग काय ते लिहा."

त्यांनी खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि यादी हातात घेतली. अण्णांनी डोळे मिटले.

"तीन पायांचा स्टँड, वालेक."

थांबल्या. काही नाही.

"पिवळा फिल्टर, डुबिन."

थांबल्या. साहेब खिशातलं घड्याळ बघायला लागले.

"चामड्याची केस, झुकोम."

मी दचकलो! चामड्याची केस म्हणजे टोरमा. मी यादीत टोरमाच लिहिलं होतं, माझ्या हातानं! झुकोम म्हणजे तर ती छातीएवढी पेटी!

वहिनी यादीकडं बघत थांबल्या होत्या.

अण्णांनी डोळे उघडले. चेहरा लालबुंद. डावा हात खुर्चीच्या हातावर आपटायला लागला, एकदा, दोनदा, तीनदा. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा फुगल्या.

"टो... टो... टोरमा!"

अण्णांनी मान वळवली, मला शोधलं आणि गरजले, "कत्ते!"

माझे डोळे भरून आले. दळवीसाहेबांनी घाईघाईनं कॅटलॉग उघडला, पान सापडलं, त्यावर बोट ठेवलं. "टोरमा. बरोबर आहे की!" मग वहिनींकडं बघून म्हणाले, "बाई, एवढं सगळं सांगितलंत, आणि इथं चुकलात?"

वहिनींनी यादीवरनं नजर काढली नाही. "चुकले बाई," त्या म्हणाल्या, आणि पुढं वाचलं, "लेन्सचं झाकण, नोकुस."

अण्णांनी डोळे मिटले.

"हूं."